चपलांचा फोटो

एकोणीस जोड. चपला, स्लिपर, एक उसवलेला बूट. किसनरावांनी दोनदा मोजले आणि फोटो काढला.

तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक त्यांचं. दुसरं कुलदीपचं. तो पुण्यात राहतो आणि अमरावतीतला हा फ्लॅट मोबाइलवरून रोजच्या भाड्याने देतो. दर दोन दिवसांनी नवी माणसं. जिन्यात खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, भिंतीपलीकडे गाणी.

सांगायचं कोणाला?

सोसायटीचे सचिव: मालकाले सांगा.

मालक: काका, अ‍ॅपवर टाका ना.

चौकीतला हवालदार: सोसायटीले सांगा.

दार वाजवून त्या माणसांनाच सांगा, असं दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. "आज हायत, उद्या नाई. त्याईच्या तोंडी कोन लागन?" असं म्हणून किसनरावांनी बायकोला गप्प केलं होतं.

आज पलीकडे गाणी नव्हती. नुसत्या चपला. गाणी संध्याकाळी सुरू होतील, असं त्यांनी धरलं.

तर फोटो. परवानगी चार जणांची, जोड एकोणीस. अ‍ॅपवर पाठवा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. तक्रार मान्य. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं होतं. त्यांनी ते दुर्गाबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

बेल.

दारात एक म्हातारा, गळ्यात दुपट्टा. किसनराव भांडणाच्या तयारीने उभे राहिले.

"भाऊ, मी महादेवराव. मोर्शीकडचा. समोरच उतरलो. सून सकाळी दवाखान्यात वारली." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "कागद होऊन मयत हाती याले सांज होईन. गावची मंडळी येऊन बसली. आज आमच्या इथं चूल पेटत नाई, तुमाले ठाऊकच हाय. लेकराईसाठी चार भाकरी भेटतीन का?"

दुर्गाबाई आत गेल्या. पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं.

"अन् हे एक." महादेवरावांनी फोन पुढे केला. "पुतण्या दवाखान्यात हाय, फोन मायाजवळ देऊन गेला. इंग्रजीत काई आलं. वाचून द्या."

बुकिंग रद्द. दोन वाजेपर्यंत घर सोडा.

किसनरावांनी स्वतःचा फोन उघडला. तक्रार मागे घ्यायचं बटण शोधलं. वर, खाली, पुन्हा वर. नव्हतं. कुलदीपला फोन लावला. उचलला नाही. सव्वा वाजला होता.

"काय म्हन्ते, भाऊ?"

"घर सोडा म्हन्ते. दोन वाजता." किसनरावांची मान वर होईना. "शेजाऱ्याची तक्रार हाय."

महादेवरावांनी वळून समोरच्या दारातल्या चपलांकडे पाहिलं.

"मंडळीले इकडं घेऊन या," किसनराव म्हणाले. "आमच्या घरात बसा."

म्हाताऱ्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"खालच्यायनं केली असन, भाऊ. त्याईले काय मालूम. तुमी शेजारी हायत म्हनून निभलं."