गुदगुल्या
शेजारी देशांच्या महिला फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना तोंडावर आला होता आणि आमच्या कॅप्टनचा घोटा टम्म सुजला होता. “फिजिओबाई, आजचा दिवस उभी करा हिला, उद्याचं उद्या बघू,” मॅनेजर म्हणाले. त्यांना काय जातंय बोलायला! “फक्त दुखणं थांबेल,” म्हणत डॉक्टरांनी माझी नजर चुकवून घोट्यात इंजेक्शन दिलं. नेहमीसारखी ती डोळ्यांवर टॉवेल टाकून आडवी झाली. मी पाय मांडीवर घेऊन घोटा बांधायला लागले. एरवी माझं बोट तळव्याला लागलं, की गुदगुल्यांनी खिदळायची, लाथा झाडायची. एकदा तर माझा चष्माच उडवला होता. आज पट्टी तळव्याखालून फिरली, टाचेवरून वळली, घट्ट बसली. मुद्दाम तळव्यावर नख ओढलं. पाय हललाही नाही. दारावर थाप पडली. मी पट्टी कापली. टॉवेलखालून ती म्हणाली, “मावशी, बांधायला घे की आता!”