मत नसलेल्यांचं बाक

"मेरिल, खाली बस," हॉलिस कडाडला आणि वेझीची तंद्री मोडली.

हॉलिस आणि मेरिल सख्खे भाऊ, पण वर्षभर एकमेकांशी शब्द नाही. जे काय बोलणं व्हायचं ते मार्चमधल्या या गावसभेत, भरल्या सभागृहात. हॉलिसच्या घरी सहा महिने राहून वेझीला एवढं तरी कळलं होतं.

ती मागे, मत नसलेल्यांच्या, म्हणजे मतदानाचा हक्क नसलेल्यांच्या बाकावर शेगडीच्या उबेत बसली होती. बाहेर व्हरमाँटचा बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास. डोळे जरा मिटले की भिंती विरघळायच्या आणि मलावीतल्या तिच्या गावचं आंब्याचं झाड उभं राहायचं. खाली सगळं गाव बसलेलं, त्यात हॉलिस आणि मेरिलसुद्धा, चक्क अनवाणी. विकास आणि लोकशाही शिकायला फेलोशिपने तिला इतकं लांब धाडलं, आणि इथे येऊन तिला दिसत होतं ते घरचंच झाड.

ठराव हॉलिसचा होता. पुढच्या वर्षापासून ही सभाच नको. घरी मताचा कागद येईल, खूण करा, टपालात टाका.

"दिवसभर याची बडबड ऐकण्यापेक्षा मी घरी गाईंचं ऐकेन," तो भावाकडे बोट दाखवत म्हणाला.

"गाई तरी कुठे तुझं ऐकतात," मेरिल पलीकडून म्हणाला. सभागृह खो खो हसलं.

वेझीचा हात वर गेला. तिने नेला नव्हता, आपला आपणच गेला. सभा चालवणाऱ्या आर्डिथबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पाहुणीला बोलायचंय. गावाची परवानगी आहे?"

बहुतेक सगळे हो म्हणाले.

"कोणी नाही म्हणणारं?"

"मी," हॉलिस म्हणाला. "मघापासून डोळे मिटून बसलीय. काहीतरी शिजतंय पोरीच्या डोक्यात."

तरी ती उठली. बोलण्याआधी मान द्यायच्या घरच्या सवयीने गुडघे किंचित वाकवून, तळवे खोलगट करून तिने हलक्या टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने न कळताच तशाच परत वाजवल्या.

"काका, माझे दोन मामा एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत," वेझी म्हणाली. "पण गाव झाडाखाली बसलं की एकमेकांना उत्तर द्यावंच लागतं. आई त्या दिवसाची वाट बघते. म्हणते, भांडले का होईना, बोलले तर." ती थांबली. "कागदावर नुसतं हो नाहीतर नाही. त्यात भांडायला जागा कुठे असते?"

छपरावरून बर्फाचा एक थर सुस्कारा टाकल्यासारखा घसरला. जो तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा," आर्डिथबाई म्हणाल्या.

बरेच हात वर झाले. मग लोकांनी हॉलिसकडे पाहिलं. त्याचे हात कोटाच्या खिशात होते. वरचे हात एकेक करून उतरू लागले.

"हात वर कर की," मेरिल म्हणाला, या खेपेला हळू आवाजात. "ठराव तुझाच आहे ना?"

हॉलिसने त्याच्याकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. "येताना जरा मुद्दे घेऊन ये."