सायबाले सांग ना

किरनापूरच्या राइस मिलमध्ये वसंता मशीन खात्याचा सुपरवायझर, मंजुषा पॅकिंगची. मालक आज सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "पॅकिंगवालों से कुछ सीखो!" वसंताचा जळफळाट झाला. हिच्या हाताखालची माणसं एवढी कशी राबतात? ते पाहायला दुपारी तो पोत्यांआड थांबला. मंजुषा बायांसोबत डबा खात हसत होती. तेवढ्यात त्याचाच ऑपरेटर लोकेश धावत आला. "ताई, मशीन तापून राह्यली. धूर निघते." "माह्याकडे काहून आला? सायबाले सांग ना." "भेव लागते. ते आधी खेकसतात, मंग ऐकतात." वसंता पुढं झाला. ओरडायला तोंड उघडलं, तसा लोकेश मंजुषाच्या मागं सरकला. वसंतानं धावत जाऊन स्वतः मशीन बंद केली. मागोमाग लोकेश आणि मंजुषाही आले. "लोकेश, पाना आण," तो हळूच म्हणाला. लोकेशनं मंजुषाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हाच तो निघाला.