वाघाची टोपी

पेइवनने शेवटचा टाका घातला आणि दाताने दोरा तोडला. बाळाच्या टोपीला वाघाचे दोन कान होते. डाव्या कानात, कापसाच्या आत, सासऱ्यांचं पदक बसलं.

यादवीत हरलेल्या सैन्याने ते मोजक्याच अधिकाऱ्यांना दिलं होतं. त्यावर नाव नव्हतं. गरजही नव्हती. ज्याच्या घरात सापडेल, तो आताच्या सरकारच्या लेखी शत्रूचा माणूस. मागच्या गल्लीतल्या मास्तरांना एका जुन्या फोटोपायी नेलं, ते परत आलेच नाहीत. विहिरीत टाकावं, तर विहीर चार घरांची. चुलीत ते वितळेना.

तिने टोपी डौडौला घातली. तान्ह्या पोराच्या डोक्याला कोण हात लावणार?

दार धडधडलं. गल्ली समितीच्या च्याओ मावशी दोन पोरींना घेऊन आत शिरल्या. पोरींनी गादी फाडली, पिठाची बरणी पालथी केली.

"मावशी, नातू कसा आहे?" पेइवनने आवाज सावरत विचारलं.

"कसला कसा! झोपेत दचकून किंचाळतो मेला. घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही." मावशींची नजर डौडौवर थांबली. "आणि हे गं काय? शिकलीसवरलीस ना? वाघाला बघून भुतं पळतात होय?"

"थंडी आहे म्हणून..."

"जुनी खुळं! आण इकडे. जुनं ते सगळं चौकात जाळायचा हुकूम आहे."

मावशींनी टोपी ओढून घेतली. टोपीच जप्त होईल, हे तिला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी चौकात पोथ्या जळाल्या, रेशमी झगे जळाले. कापड जळेल, धातू उरेल. सकाळी समितीची माणसं राख उपसत असताना पेइवन डौडौला छातीशी घट्ट धरून बघत राहिली. राखेत काहीच निघालं नाही.

"पूर्वज पावले," सासूबाई पुटपुटल्या. पेइवनचा जीव मात्र टांगणीलाच राहिला.

दोन दिवसांनी जिल्ह्याची तुकडी आली. सगळी गल्ली रांगेत उभी केली. च्याओ मावशी सगळ्यांत पुढे, कडेवर नातू, डोक्यापासून शालीत गुंडाळलेला.

"झोपतो का आता?" पेइवनने हळूच विचारलं.

"झडती झाली ना, त्या रात्रीपासून गाढ झोपतोय बाई," मावशी नजर चुकवत म्हणाल्या.

तुकडीची प्रमुख पुढे आली. हसून तिने शालीवरूनच पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. हात मध्येच थांबला.

"कॉम्रेड, याच्या डाव्या कानाशी हे कडक काय लागतंय?"