पलीकडच्या टेकडीवरची बाई

चीनमधल्या चोंगचिंग शहरात, बागेतल्या टेकडीवर ओउयांगकाका रोज सकाळी छाती मोकळी करायला "होऽऽऽ" असं ओरडायचे. धुक्यात पलीकडच्या टेकडीवरून एक बाई तेवढ्याच जोमानं ओरडून उत्तर द्यायची. बायको गेल्यापासून काकांचं एवढंच काय ते बोलणं उरलं होतं.

एके दिवशी उत्तर आलं नाही. धापा टाकत काका पलीकडची टेकडी चढले. बाकावर एक बाई संत्रं खात बसली होती.

"ओ दिली नाहीत! जीव टांगणीला लागला माझा!"

आवाज ओळखून बाई हसली. "अहो, तोंडात संत्रं होतं! घ्या, बसा."

दोघं बसली. संत्रं संपलं, तरी बोलायला काही सुचेना.

 

शेवटी बाई म्हणाली, "असं जवळून नाही हो जमत. तुम्ही तिकडं जा, मग बोलू निवांत."