मावरोची साखळी

डोंगरावरून वणवा खाली उतरताना दिसला, तसं सगळं गाव किनाऱ्याकडे पळालं. गाडीत स्तामातियानं देव्हाऱ्यातली तसबीर मांडीवर घट्ट धरली होती. वळणावर ती एकदम दचकली आणि नवऱ्याकडे वळली.

"थानासी, मावरोला सोडलंस ना रे?"

"सोडलं की! साखळी खुंटीवरनं काढली आणि पिटाळलं. पळाला साखळीसकट ऑलिव्हच्या बागेत. गळ्यातला पट्टा सोडत बसलो असतो तर मीच भाजलो असतो!"

तेवढ्यात मागून भुंकणं ऐकू आलं. तिचा जीव भांड्यात पडला. "ऐक, येतोय बघ आपल्या मागनं!"

गाडी उतार उतरत राहिली. भुंकणं मात्र बागेतल्या एकाच जागेवरून येत राहिलं.

थानासीनं काच वर केली.