'शततारका'वरची खलाशी

बाराव्या मजल्याच्या जिन्याला किती पायऱ्या काढायच्या, इथे ललित अडून बसला होता.

वडिलांच्या वहीत आकडा नव्हता. वडिलांना विचारायची सोय नव्हती. खुशालराव श्रावणात गेले, आणि आता माघ संपत आला होता.

"चौदा काढा ना," त्याची बायको रागिणी भाकरी थापता थापता म्हणाली. "कोन मोजते?"

"ते पोरगी मोजते," ललित म्हणाला.

खुशालराव अमरावतीत एका शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'शततारका' नावाच्या अवकाशयानाच्या अकरा कादंबऱ्या लिहिल्या, स्वतः छापल्या आणि पिशवीत घालून शाळाशाळांतून विकल्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं घरच्यांपैकी एकानेही त्या वाचल्या नाहीत. नातेवाईक तोंडावर शास्त्रज्ञ म्हणायचे आणि पाठ फिरली की हसायचे. बारावं पुस्तक मात्र कादंबरी नव्हतं. यानावर नव्या आलेल्या खलाशाच्या हातात द्यायची ती सचित्र पुस्तिका होती: जेवणघर कुठे, आग लागली तर पळायचं कुठून, झाडांना पाणी कधी घालायचं. हे सगळं काल्पनिक आहे असं त्यात कुठेही दिसता कामा नये, हा म्हाताऱ्याचा हट्ट. निम्मी चित्रं झाली आणि छातीत कळ आली.

अकोल्याची पौर्णिमा ही त्या यानाची एकुलती एक खरी खलाशी. वय वर्षं बारा, रक्ताच्या आजाराने शाळा सुटलेली, अकराही पुस्तकं तोंडपाठ. यानावर फोन नसतो म्हणून ती पत्रच पाठवायची, आणि खुशालराव तिला नव्या चित्राची झेरॉक्स. त्यांच्या दहाव्याच्या दिवशी तिचं पत्र आलं. 'आजोबा, पुस्तिका अर्धवट टाकून कुणी जायचं नाही. मी पण नाही, तुम्ही पण नाही. ठरलं?'

ललितने ते तीनदा वाचलं. गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचं त्याचं दुकान होतं. हात बरा चालायचा, पण आकड्यांपलीकडे कधी गेला नव्हता. त्याच आठवड्यात तो वडिलांच्या टेबलाशी बसला आणि त्यांच्या अक्षरात लिहिलं, 'ठरलं.'

आजारी पोरीला फसवायची त्याला काही हौस नव्हती. अक्षर गिरवताना लाज वाटायची. पण बाप शेजारी येऊन बसल्यासारखंही वाटायचं, आणि ते सोडवत नव्हतं.

पहिल्याच चित्रावर ताशेरे आले. 'सातव्या मजल्यावर दार डावीकडे आहे. तुम्ही उजवीकडे काढलं. चष्मा बदला.' दुसऱ्या चित्रात आठ चुका निघाल्या. रागिणी हसली, ललितला घाम फुटला. एक दिवस पोरीला हात ओळखू येणार आणि आजोबा गेल्याचं कळणार, ही धास्ती त्याने घेतली. म्हणून एकदा त्याने वडिलांच्या नावावर जरा पदरचं घातलं: 'तुझी पत्रं येतात म्हणून मी रोज सकाळी कामाला बसतो. ती थांबली की मीही थांबेन.'

दिवाळीनंतर पत्रांचं अक्षर बदललं. 'सलाईनने हात सुजला, आई लिहून देते,' असा वर खुलासा असायचा. आणि चुका निघायच्या बंद झाल्या. 'चित्र छान आहे. पुढचं पाठवा.' एकदा घाईत ललितने यानाला एक इंजिन कमी काढलं. पाकीट पेटीत पडल्यावर ते ध्यानात आलं, आणि आठवडाभर त्याचा जीव टांगणीला लागला. उत्तर आलं, 'चित्र छान आहे.'

"पाह्य," तो रागिणीला म्हणाला, "हात बसला माहा. बाबाचाच हात झाला." त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी त्याला दोन घास जास्त गेले.

जिन्याला शेवटी तेरा पायऱ्या झाल्या. फाल्गुनात पुस्तिका बांधून आली, एकच प्रत. ती पोस्टात टाकायचा ललितला धीर होईना. बडनेऱ्याहून गाडी धरून तो स्वतःच अकोल्याला निघाला. 'बाबाचे गुडघे दुखून राहिले म्हून मी आलो,' हे वाक्य त्याने मूर्तिजापूरपर्यंत घोकलं.

दार पौर्णिमाच्या आईने, मायाने उघडलं. त्याने नाव सांगितलं तशी ती चपापली आणि त्याच्या मागे रस्त्याकडे पाहू लागली.

"सर नाई आले?"

"गुडघे धरले त्यायचे. मले पाठवलं."

"बरं झालं," ती पटकन म्हणाली, आणि मग ओशाळली. "म्हंजे, उन्हाचं कायले याचं त्यायनं. बसा भाऊ."

ललितने पुस्तिका पुढे केली. तिने हात पुसून ती घेतली. पहिल्याच पानावर खलाशांची यादी होती, आणि यादीत सर्वांत वर पौर्णिमाचं नाव. माया त्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

"सर बरे हायेत ना पन? काम करते ना रोज?"

"हो. सकाळीच बसते टेबलापाशी."

"मंग झालं."

 ललितने विचारलं, "तिले मी देऊ का माह्या हातानं? पाच मिनिटं फक्त."

मायाने पुस्तिका मिटली.

"तुमच्यापासून नाई लपवत, भाऊ. पौर्णिमा दिवाळीच्या आधीच गेली. तवापासून पत्रं मीच लिहून राहिली. मले त्या यानातलं काईच समजत नाई. पन सरायनं लिहिलं होतं ना, पत्रं थांबली की मीबी थांबीन म्हून." तिने दार हलकेच लोटलं आणि आवाज खाली आणला. "म्हातारं मानूस हाये. तुमी घरी जाऊन त्यायले सांगू नका."